एकोणीस नावं आणि वरची एक टिक

ऑफिसातल्या टवाळांनी यादी करणाऱ्या आमच्या बाईंना ‘हजेरीबाई’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्या टवाळांत मीही होतो हे आधीच सांगून टाकतो.

घरी आजारी असलेल्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारी आमची कंपनी. उद्याच्या गाडीत कोणाकोणाचा सिलिंडर चढवायचा, ती यादी बाई रोज दुपारी कॉम्प्युटरवर करायच्या. नावापुढे चौकट. चौकटीत टिक पडली तर सिलिंडर जाणार, नाही पडली तर नाही. कोणी दवाखान्यात गेलेलं असायचं, कोणी कायमचंच गेलेलं, म्हणून यादी रोज नव्याने करावी लागे.

बाईंचा एक नियम होता. तोंडाने नाव घेतल्याशिवाय टिक करायची नाही. कागदी यादीच्या काळात एकदा त्यांचा डोळा एक ओळ चुकला होता. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं, पण तेव्हापासून बावीस वर्षं हे चाललं होतं. शंभरावर नावं, एकेक मोठ्याने. आम्ही मागून “हजर!” म्हणून ओरडायचो. बाई हसायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या.

यादीत भागाप्रमाणे गट पाडलेले. टेकडीवरच्या गटात शेवटचं नाव शिंपीकाकांचं. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, श्वास मोजूनमापून वापरणारे. रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांचा फोन यायचा.

“बाई, माझं नाव घेतलं का?”

“घेतलं, काका.”

बस, एवढंच. फोन बंद. एकदा मात्र त्यांनी दम खात खुलासा केला होता, “एक टाका सुटला ना बाई, तर अख्खी बाही उसवते. म्हणून विचारतो.” बाईंनी ते आम्हा सगळ्यांना ऐकवलं होतं.

मग नवे साहेब आले. यादीला पाऊण तास लागतो म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे, म्हणून मला म्हणाले, “असं काहीतरी कर की एका क्लिकमध्ये अख्खा गट टिक झाला पाहिजे.” मला कामाची हौस दांडगी. शिवाय बाईंचं मनगट सुजलेलं, त्यावर पट्टा. त्यांची दया आली हेही खरं, आणि आपली हुशारी दाखवायची होती हे जास्त खरं.

प्रत्येक गटाच्या नावापुढे मी एक मोठी चौकट केली. तिच्यावर टिक केली की प्रोग्रॅम खालच्या चौकटी एकेक धरून भराभर टिक करायचा. नको ती नावं बाईंनी नंतर काढायची.

“हा प्रत्येकाला बघतो का रे?” बाईंनी विचारलं.

“बघायचं काय त्यात? गटाला सांगितलं की झालं.”

“मला आपलं नाव घेतल्याशिवाय चैन पडत नाही.”

“घ्या की मग नावं,” साहेब मागून म्हणाले, “पण घरी जाऊन.” सगळे हसले. मीही हसलो.

चूक तिथेच होती, फक्त माझ्या डोळ्यांना दिसली नाही. यादी लांब असली की पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी कॉम्प्युटर तयार करतो. खालच्या ओळी, यादी खाली सरकवेपर्यंत, त्याच्या लेखी नसतातच. माझ्या प्रोग्रॅमने ज्या होत्या त्या टिक केल्या आणि वर मोठ्या चौकटीत ऐटीत टिक ठोकून दिली. मी तपासणी बारा नावांच्या गटावर केली होती. बाराच्या बारा पडद्यावर मावत होती. टेकडीच्या गटात नावं होती एकोणीस.

पहिल्याच दिवशी टेकडीच्या गटात काढायचं असं एकही नाव नव्हतं; बाईंनी वरची टिक पाहिली आणि पुढच्या गटाकडे गेल्या. साडेपाचला फोन आला.

“घेतलं, काका,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या सात घरी सिलिंडर गेला नाही. सहा घरांतून आरडाओरड झाली, त्या सहा घरी दुसरी गाडी धावली. शिंपीकाकांचा फोन आला नाही. नाव घेतलंय म्हटल्यावर ते कशाला फोन करतील? दुपारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. काका दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, गाडीची वाट बघतच गेलेले.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. “कोणी केली यादी?”

“मी,” बाई म्हणाल्या.

“प्रोग्रॅममध्ये काही दोष?” हे मला.

तोवर मला सगळं कळून चुकलं होतं. काकांची बातमी आल्यावर मी यादी खालीवर सरकवून बघितली होती; खालच्या सात चौकटी रिकाम्या होत्या. “मी तपासून दिला होता,” मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो, त्या बोलल्या नाहीत, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांना घरी बसवलं. त्याच संध्याकाळी मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. चार ओळींचं काम होतं.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. त्या नि त्यांची थोरली बहीण, दोन खोल्यांचं घर. बहिणीला कमी दिसतं, तिच्या औषधाच्या बाटल्यांवर बाई मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवत होत्या. जाताना रस्ताभर मी वाक्य घोकलं होतं. ते कसंबसं बाहेर पडलं, “बाई, चूक माझ्या प्रोग्रॅमची होती.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “साहेबांनी बोलावलं त्या दिवशी, घरी जायच्या आधी मी यादी खाली सरकवून बघितली होती.”

“मग साहेबांना बोलला का नाहीत?”

त्यांनी चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली. “प्रोग्रॅम तुझा होता रे. पण ‘घेतलं’ असं काकांना मी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं आणि मी नाव घेतलंच नव्हतं.”

त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो. जिना उतरताना मला हायसं वाटलं, की आता साहेबांना काही सांगायची गरज उरली नाही. त्या वाटण्याची मला अजून लाज वाटते. आणि साहेबांना मी अजूनही सांगितलेलं नाही.