अस्वलिणीचा रुसवा

डोंगरावरच्या प्राणिसंग्रहालयात बाबांनी सव्वीस वर्षं अस्वलं सांभाळली. त्यातली एक अस्वलीण त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवली होती. निवृत्तीच्या दिवशी साहेब निरोप द्यायला खोलीबाहेरसुद्धा आले नाहीत, हे त्यांच्या मनाला फार लागलं. "आता पुन्हा या पायऱ्या चढणार नाही," असं म्हणून ते घरी आले.

तिसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी आलेल्या माणसाचा फोन आला. "काका, ती काहीच खात नाही. एकदा येऊन जा ना."

"साहेबांना सांग भरवायला," म्हणत बाबांनी फोन ठेवला. मी परोपरीने समजावलं, पण बाबा म्हणजे हट्टी माणसांचे मेरुमणी!

पंधरा दिवसांनी राग ओसरला, तेव्हा माझ्या खांद्याचा आधार घेत ते वर चढले. अस्वलीण पार खंगली होती, पण नव्या माणसाच्या हातून सफरचंद खात होती. बाबांनी जाळीपाशी जाऊन नेहमीची हाक मारली. तिने मान वर करून वास घेतला आणि पाठ फिरवून ती आत निघून गेली.

"साहेबांवरचा राग मी या मुक्या जिवावर काढला गं," बाबा म्हणाले.

आता ते दर आठवड्याला वर जातात. ती अजून जाळीपर्यंत आलेली नाही.