दारं धरणारे दाजी

दीड महिना झाला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो, तेव्हा देवगाव रंगारीहून अक्काचा फोन आला. "हे गेले रं," एवढंच म्हणाली. थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी, मेंदूच्या गाठीनं गेले. आणि मेंदूच्या गाठी हाच माझ्या अभ्यासाचा विषय...

दाजी मला थट्टेनं 'सर' म्हणायचे. एका सुट्टीत ते कांद्याला पाणी देत होते. भिजलेल्या वाफ्याचं तोंड फावड्यानं बुजवायचं, पुढच्याचं मोकळं करायचं. आमच्याकडं याला दारं धरणं म्हणतात. "सर, तुमी तिकडं दिसभर करता तरी काय?" मी सांगितलं, गाठीतल्या पेशीच्या अंगावर बारीक वाटा असतात, आयन चॅनेल. त्या उघडून पेशी आतले क्षार बाहेर सोडते, क्षारामागं पाणी जातं, पेशी आकसते आणि मेंदूतल्या चिंचोळ्या फटीतून पुढं सरकते. दाजी फावड्यावर रेलून ऐकत होते. "म्हंजे ती बी दारंच धरती की. अन् तुमाला नुसतं बघायचा पगार?" तेव्हापासून वर्गात मी 'दारं' हाच शब्द वापरतो. पोरं हसतात, पण विसरत नाहीत.

मग त्यांनाच गाठ निघाली. शहरात ऑपरेशन झालं. सर्जन मला म्हणाले, दिसत होती तेवढी काढली. त्यातल्या 'दिसत होती'चा अर्थ मला नेमका कळला. तिसऱ्या दिवशी अक्कासमोरच दाजींनी विचारलं, "सर, गाठ गेली खरी. पर तिनं आधीच दारं मोडून फुडचं रान भिजवलं असंल तर?" इतका अचूक प्रश्न मला परिसंवादातही कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "नाय दाजी. समदी निघाली."

रेडिएशनचे शेक झाले, गोळ्या झाल्या, काही महिने बरेही गेले. मग त्यांच्या हातून कपबशी सुटायला लागली, बोलणं कमी झालं. अक्का फोनवर कावायची. "तू म्हणतोस समदी निघाली, अन् हे नुसते बसून. हातपाय हलवा म्हणलं तर हलवत नाहीत. आळशी झालेत निव्वळ." हात का जड पडतोय, हे मला शहरात, गारखेड्यातल्या माझ्या घरी बसून कळत होतं. मी म्हणायचो, "अशक्तपणा असेल." पुढच्या स्कॅनमध्ये गाठ परत दिसेपर्यंत ती त्यांना बोलत राहिली, आणि मी तिला बोलू दिलं.

तेराव्यापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगते, "मी त्यांना आळशी म्हणले." गावी गेलो की मीही शेजारी बसून ते ऐकायचो. गेल्या रविवारी मात्र सांगून टाकलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अक्का. मी खोटं बोललो. तू माझ्या शब्दावर चाललीस.

ती शेंगा फोडत होती. माझ्याकडं बघितलं नाही. आणखी एक शेंग फोडून म्हणाली, "मी बोलायची, ते त्यांना कळत व्हतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. मेंदूचा अभ्यास केलेला भाऊ. तिनं विश्वास ठेवला असता.

"कळत होतं," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "मी बोलले की गालातल्या गालात हसायचे रं. मला वाटायचं, आजारानं तोंड तसं झालंय..." मग पुन्हा शेंगा पुढ्यात ओढून घेत म्हणाली, "म्हंजे मलाच हसायचे."