चेपलेली कळशी

किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. तिथे ग्रॅज्युएट झालेला मी पहिला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. कॉलेजात असताना दारूबंदीच्या प्रचारासाठी मी शाळेच्या पिवळ्या भिंतीवर गेरूने चित्र काढलं. झिंगलेला नवरा, डोक्यावर चेपलेली कळशी घेतलेली बायको, आणि खाली माझी कविता. शहापूरहून आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली.

ती कळशी शेजारच्या काकूची होती. काकाने पिऊन ती उंबऱ्यावर आपटली तेव्हा मी आमच्या ओट्यावर अभ्यास करत होतो. काकूला वाचता येत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

विहिरीची वाट शाळेपुढूनच जायची. एका सकाळी काकू भिंतीपाशी थांबली.

"काय लिवलंस रे? वाच ना."

कवितेत बाई मार खाऊन पाणी भरते, अशी ओळ होती. ती मी गाळली आणि भलतंच काहीतरी जुळवून म्हटलं.

"ब्येस हाय," काकू म्हणाली. मग चित्रातल्या कळशीवर बोट ठेवलं. "पन ह्यो पोचा मला वाचता येतो रे. गावालाबी येतो. घरातली गोष्ट घरात व्हती. इचारलं असतंस तर मी नाय बोलली नसती. कळशी तेवढी दुसरी काढ, बोलली असती."

त्याच दुपारी मी कळशीवर चुना फासला. पिवळ्या भिंतीवर तो पांढरा डाग लांबूनच दिसायचा. त्यानंतर काकू शेताच्या बांधावरून, लांबच्या वाटेने पाण्याला जाऊ लागली.