आठव्या माळेची बोट

"आदी ठरवून ठिवू, मग हुतंय का न्हाई ते बघू," असं म्हणून ती पुढ्यातली भुईमुगाची टरफलं हातानं बाजूला सारायची आणि जमीन मोकळी करायची. जमीन मोकळी झाली की समजावं, आता ही काहीतरी ठरवणार. बाजाराला जायचं असो, नाहीतर परड्यात चुलवण हलवायचं असो, ती टरफलं मांडून दाखवायची. ही चूल, ही भिंत, इकडून वारा. ठरवलेलं पुष्कळदा होत नसे. त्याचं तिला काही वाटत नसे.

तुमच्या शेजारीही अशी एखादी असेल. गाव कधी सोडलेलं नाही, पण गाठोडं कसं बांधायचं ते पक्कं ठाऊक.

पलूसच्या बाजूला कृष्णाकाठच्या गावात आमची घरं लागून होती आणि परडं एकच होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती जुनी सून झाली होती. मी तिला वैनी म्हणायची. मला चारचौघांत बोलायला जमत नसे, आणि तिला ऐकणारं माणूस हवं असे, म्हणून आमचं जमलं.

तिचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत पलटणीत गेला. मध्ये एकदा सुट्टीवर आला होता. त्या घरात सासूसासऱ्यांसमोर नवराबायकोनं दिवसा बोलायची रीत नव्हती. तो सोप्यात बसे, ती चुलीपाशी. मी एकदा विचारलं, "वैनी, भावजी दिसायला कसं हायत गं?"

ती विचारात पडली. "उंच हायत. पाटमोरं असलं तर शंभरांत वळकीन."

"आन तोंड?"

"तोंड कंदिलात बघितलंय." आणि तोंडाला पदर लावून हसली.

मग लढाई पेटली आणि त्याची पलटण समुद्रापलीकडं गेली. त्या साली तिनं देवीला नवस बोलला. धनी सुखरूप घरी येईपर्यंत दर नवरात्राला घट बसवीन, नऊ दिवस दिव्यात माझ्याच हातानं तेल घालीन, आणि घट उठेपर्यंत गावची शीव ओलांडणार नाही. आमच्याकडं असे नवस पुष्कळ जणी बोलतात. घटावर रोज एक माळ चढते, म्हणून ते दिवस आम्ही माळेनंच मोजतो.

लढाई चालून तीन-चार वर्षं झाली असतील. पावसाळा सरता सरता शेजारच्या वाडीचा एक जवान हाताला जखम होऊन घरी आला आणि त्यांच्या सोप्यात येऊन बसला. "गुपित हाय बगा मावशी, लढाईतलं," असं तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की मला माझ्या चुलीपाशी ऐकू आलं. "पलटण मागनं येतीया. बर्माकडं निगालीया. मुंबईला बोट एक दिस थांबणार, पाणी-कोळसा घ्यायला. घरचं माणूस धक्क्यावर आलं तर सांजपतूर रजा देत्यात. खंडेनवमीच्या आदल्या दिशी जावा." सांजेपर्यंत ते गुपित पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेंगा फोडायला बसलो तर वैनीनं केवढी तरी जमीन मोकळी केली.

"ही बोट. ह्यो धक्का. उतरल्या उतरल्या भाकरतुकडा ववाळून टाकायचा. मग पायावर पाणी."

"तितं पाणीच पाणी असतंय की."

"खारं असतंय म्हणं. खाऱ्या पाण्यानं माणसाचं पाय धुत्यात व्हय? घागर न्यायाला पायजे."

"मुंबईपतूर घागर?"

"बरं, कळशी नेते. धाकली." ती काही केल्या पाणी सोडायला तयार नव्हती. "मग भाकरी. मग एक फोटू काढायचा."

"दोगांचा?"

"मग काय तुजा?" तिनं मला कोपर मारलं. "ते बसतील, मी हुबी. मग सांजपतूर बोलायचं."

"काय बोलशील?"

तिचा हात थांबला. "ते ठरवता येत न्हाई गं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "पर सबंद दिस उजेडात हाय. कायतरी सुचंल."

मग ती बोटांवर दिवस मोजू लागली, बाजार कधी करावा, चटणी कधी कुटावी म्हणून. मोजता मोजता तिचा अंगठा करंगळीवर तसाच राहिला.

"अगं बया," ती म्हणाली. "ही तर आठवी माळ."

मला वाटलं, आता सासू तिला काय काय ऐकवणार. तिची सासू करारी. सून विहिरीवरून यायला जरा उशीर झाला तरी दारात उभी असायची. सासरा तोवर वारला होता, घरात तिचाच शब्द. पण त्या संध्याकाळी परड्यातून मला ऐकू आलं ते वेगळंच.

"जा की तू," सासू म्हणाली. "दिव्यात तेल मी घालते."

"हात बदलला की नवस मोडतोय, आत्याबाई. माज्या तोंडानं बोललेय मी."

"देवी काय सावकार हाय व्हय, बोललेलं धरून बसायला?"

"न्हाई. पर मी गेले, आन म्होरं बर्मात त्यास्नी कायबी झालं, तर म्या कुणाकडं बगू?"

सासू चुलीतलं लाकूड मागंपुढं सारत राहिली.

घट बसले तरी वैनीचं ठरेना. ती परड्यात येरझाऱ्या घालायची, फाटकापर्यंत जायची आणि फाटक उघडं असूनही माघारी यायची. मला म्हणाली, "माजं मीच बांदून घेतलंय बाय. गाठ पाटीवर आलीया, हात पोचंना."

पाचव्या माळेला ती सासूपुढं जाऊन बसली. "आत्याबाई, तुमी जावा. धाकल्या भावजींना संगं घ्या."

मग दोन दिवस ती सासूला शिकवत होती. म्हातारी पोरीसारखी पाठ म्हणायची. "आदी तुकडा, मग पाणी, मग भाकरी, मग फोटू. फोटूत म्या कुटं हुबी ऱ्हाऊ गं?"

"तुमी बसा, आत्याबाई. ते हुबं ऱ्हातील."

कळशी भरून तोंडाला फडकं बांधलं, तेव्हा धाकटा दीर वैतागला. "वैनी, आगगाडीच्या टेसनावर पाणी मिळतंय."

"हितलं न्हाई मिळत," ती म्हणाली.

आठव्या माळेला मी तिच्यापाशी जाऊन बसले. घटातलं धान चांगलं वर आलं होतं. ती उन्हाकडं बघून सांगत होती. "आता उतरलं असतील." "आता जेवत असतील." उन्हं कलली तेव्हा म्हणाली, "फोटूवाला म्हणत असंल, हलू नका." स्वतःही जरा ताठ बसली. दिवस मावळल्यावर तिनं दिव्यात तेल घातलं आणि हात पदराला पुसत बसून राहिली.

म्हातारी दसऱ्याला परत आली. रिकामी कळशी उंबऱ्यापाशी ठेवून तिथंच टेकली.

"आला हुता," ती म्हणाली. "लय वाळलाय. तुकडा टाकला, पायावर पाणी घातलं. तर त्येनं माज्या हातातनं कळशी घेतली आन तोंडालाच लावली. समदं पाणी पेला. मग धक्क्याच्या भिताडाला लागून एक झाड हाय, तितं बसलो. अर्दी भाकरी खाल्ली आन माज्या मांडीवर डोकं ठिवून झोपला."

"आन मग?"

"मग काय? झोपला. उटवू वाटंना. किती दिसांचा जागा हुता कुणाला ठावं. दिस मावळताना शिट्टी झाली तवा उटला."

"म्हंजी फोटू..."

"कुटला फोटू."

"काय बोललं?"

"'ती?' म्हणला. एवडंच. म्या घटाचं सांगितलं. मग म्हणला, बरं केलं म्हणून सांग."

वैनीनं मान हलवली. "झोपलं," ती म्हणाली आणि एकदम हसली. "माज्याम्होरं बी झोपलंच असतं की वं. आन मी आपली सांजपतूर नुसतं तोंड बगत बसले असते." मग ती उठून आत गेली. बराच वेळ चुलीवर काहीही नसताना फुंकणीचा आवाज येत होता.

तो बर्मात गेला आणि तिथून परत आला नाही. मेला असं कोणी सांगितलं नाही. सरकारातून एवढंच कळवलं, की तो सापडत नाही. लढाई संपली, वाडीचे, पलूसचे जवान परत आले, स्वराज्य झालं. वैनीच्या कपाळाला कुंकू होतं आणि दर साली घट बसत होता. बायका म्हणत, "आता पुरं कर की." ती म्हणे, "पुरं केलं म्हंजी ते न्हाईत असं मीच म्हणल्यागत झालं." तिचं काही ठरवणं मात्र थांबलं होतं. शेंगा फोडायला बसली की मुकाट्यानं फोडायची.

मग एका साली सहाव्या माळेला सासूनं तिला परड्यात हाक मारली. मी तिथंच भांडी घासत होते. म्हातारीला तोवर डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं.

"मुंबईच्या टेसनातनं भाईर पडलीस की धक्का कुटं म्हणून इचार," ती म्हणाली. "लांबडं भिताड लागंल. त्येच्या कडंकडंनं चाल. झाड एकच हाय."

"आत्याबाई, घट बसलाय."

"बसू दे."

"मी गेले आन त्यास्नी काय झालं तर?"

"आता काय व्हायाचं ऱ्हायलंय गं त्येला?"

इतक्या वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. वैनी सासूकडं बघत होती. म्हातारीचा चेहरा मात्र हलला नाही. "नवस तुजा असंल," ती म्हणाली, "पर ल्योक माजा हाय. देवीला काय सांगायचं ते मी सांगते. जा, ते झाड बगून ये."

चार दिवसांत येते म्हणून ती गेली. ती आली नाही. पुढं गावच्या एका गिरणीकामगाराकडून कळलं, की धक्क्याजवळ एका बाईची खानावळ आहे, तिथं ती भाकऱ्या करते. कोणी वाकडं बोललं तर सासू म्हणायची, "मीच धाडलीया. तुमाला काय करायचं?" आणि माझ्याशी बोलताना हळूच विचारायची, "बरी असंल न्हवं गं ती?"

ती निघाली त्या सातव्या माळेला सकाळी मी तिला पोचवायला ओढ्यापर्यंत गेले होते. तो ओढा म्हणजे आमची शीव. पलीकडून स्टेशनची वाट जाते. घट बसल्यापासून ती अनवाणी होती, चपला हातात होत्या. काठावर ती इतका वेळ थांबली, की मला वाटलं, आता माघारी फिरते. मग तिनं लुगडं जरा वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. पलीकडं जाऊन चपला पायात घातल्या, गाठोडं डोक्यावर नीट केलं आणि चालू लागली. उसाच्या आड जाईपर्यंत मी तिच्याकडं बघत होते.

मला कसला नवस नव्हता. पाणीही घोट्याएवढंच होतं. मी जराशी तिथं उभी राहिले आणि मग घरी येऊन चूल पेटवली.