कोरी राणी

आमच्या घरात ज्या कागदाची कदर, त्याचं लॅमिनेशन होतं. माझी दहावीची गुणपत्रिका, भावाची डिग्री, रेशनकार्ड, आजोबांची लग्नपत्रिकासुद्धा प्लास्टिकमध्ये जाऊन बसली आहे. मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला माणूस आईला लांबूनच ओळखतो. या खुळावर मी आयुष्यभर हसत आले. आता हसू येत नाही.

बाबा तहसिलीत कारकून होते आणि त्यांना एकच नाद होता, इंग्रजांच्या काळातल्या टपालाच्या पाकिटांचा. या पाकिटांवर तिकीट चिकटवावं लागत नसे, ते कोपऱ्यात छापलेलंच असे. निळ्या गोलात राणीचं पांढरं डोकं, कागदातून वर उचललेलं. शहागंजच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या ट्रंकांतून बाबा ती शोधून आणायचे. आई देवगाव रंगारीची, बोलताना हातचं राखून ठेवत नाही. "लोकांनी फेकलेलं समदं आमच्याच घरात," असं म्हणून ती केरसुणी हातात घ्यायची.

बाबांनी मला पाकिटं ओळखायला शिकवली ती डोळे मिटायला लावून. आधी आत बोट घालायचं. राणीच्या मागं खळगा लागला पाहिजे. आतून सपाट असेल तर पाकीट नंतरच्या काळातलं, साधं छापलेलं, नाहीतर चक्क बनावट. मग वरून अंगठा फिरवायचा. साचा नवा असतानाच्या राणीचे केस बोटाला खरखरीत लागतात, झिजलेल्या साच्याचे गुळगुळीत. पण बाबांचा खरा जीव छपाईतल्या चुकांवर. साच्याला तडा गेला की राणीच्या मानेवर बारीक रेघ उठायची, तिला ते 'शीर' म्हणायचे. शिक्का सरकून दोनदा बसला की ती 'दोन नाकांची'. आणि एकच होती 'कोरी'. शाई लावायची राहून गेलेली, शिक्का मात्र पुरता बसलेला. बघायला रिकामं पाकीट, बोट फिरवलं की राणी.

पुढं काचबिंदूनं बाबांची नजर कडेकडेनं खात आणली. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पेपर सुटला, टीव्ही नुसता ऐकायचा झाला. ताटात भाजी कुठल्या बाजूला आहे ते आई सांगायची, आणि हे सांगणं त्यांना फार लागायचं. मात्र दुपारी पाकिटांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेतला की ते पूर्वीचे बाबा व्हायचे. ही शीर, ही दोन नाकांची, एकदाही चुकायचे नाहीत. "एवढं एक अजून दिसतं मला," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी उठून गच्चीवर जाऊन रडले.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना तपासणीला घेऊन गेले होते. परत आलो तर आई दारातच उभी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"हात पुढं करा," ती बाबांना म्हणाली. "कसर लागली होती हो डब्यात. एका पाकिटाला भोक पडलेलं. तुम्हाला ते दिसणार नव्हतं, म्हटलं आपणच बघावं. समद्याला लॅमिनेशन करून आणलं. आता काय होत नाय त्यांना."

मी गठ्ठा पाहिला आणि मला आईचा फार राग आला. एकेक पाकीट तापलेल्या रुळांमधून गेलं होतं. राण्या निळ्या होत्या, पण इस्त्री केल्यासारख्या सपाट.

बाबांनी वरचं पाकीट घेतलं. अंगठा कोपऱ्यावर गेला, थांबला, परत फिरला. आई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं जन्मात पहिल्यांदा त्या पाकिटांना मायेनं हात लावला होता.

"शीर," बाबा म्हणाले. "लागते की हाताला. चांगलं केलंस."

पाकीट त्यांनी उलटं धरलं होतं. राणी माझ्या बाजूला होती, दोन नाकांची. आई डोळे पुसत चहा टाकायला गेली.

ती आत गेल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "कोरी आहे का गं यात?"

मी शोधली. खिडकीशी नेली, आडवी धरली, उभी धरली. चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या आत एक पिवळट रिकामं पाकीट होतं. शाई आधीच नव्हती, आता उठावही नव्हता.

"आहे," मी म्हणाले.

"दिसते?"

"दिसते, बाबा."

"नाक, केस, सगळं?"

"सगळं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि मांडीवरचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडं सरकवला.

त्यानंतर त्यांनी डबा कधी मागितला नाही. दुपारी ते भिंतीकडं तोंड करून पडून असतात. आई ओल्या फडक्यानं एकेक पाकीट पुसून परत डब्यात ठेवते आणि मला विचारते, "आता कसर नाय लागणार, मग हात का लावत नाहीत गं हे?"