निळी खळ

नातीच्या टाचेवरची पट्टी उचकटली तर खालचं कातडं निळंहिरवं. पोर किंचाळत होती, अंग तापलेलं. मी सुनेचं मनगट धरलं आणि तिला ओटीवर ओढली.

"काय लावलंस गो पोरीला?"

"रोज लावते तीच खळ, आई."

"मोरचूद हाय त्यात! मारतेस काय तिला?"

गल्लीतल्या बाया दारात आल्या. येऊ देत म्हटलं, बघू देत.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. पेणला मी गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होते, थोडं काम घरीही आणायचे. रंग मूर्तीला धरावा म्हणून त्यात चिंचोक्याची खळ घालतात. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा आम्ही बाया तीत चिमूटभर मोरचूद टाकायचो. निळी झाक आली की खळ टिकणार. पण ते विष. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही.

नातीच्या टाचेत गंजकी तार घुसली होती. डॉक्टरनं सुई दिली, गोळ्या दिल्या. पण कापड जखमेला चिकटायचं, बदलताना सालटं निघायची, पोर घर डोक्यावर घ्यायची. सून म्हणाली, मी घरी चिंचोक्याची साधी खळ करते, लवंगाच्या तेलाचे दोन थेंब घालते, धुतल्या कापडाला लावून वाळवते. कोमट पाण्यानं पट्टी अलगद सुटेल, आणि लवंग जंतू वाढू देत नाही.

सून रोह्याजवळच्या अष्टमी गावची. पूल ओलांडून रोह्याच्या कॉलेजात बारावी सायन्स शिकलेली. मी चौथीपर्यंतच शिकलेली.

"दाढेचं औषध टाचेला? तुमच्या कॉलेजात टाचेला दात येतात काय गो?"

ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. चिंचोके भाजा, सोला, कुटा, इतकं कोण करतंय? कारखान्यातलीच खळ चोरून लावत असणार, असं माझ्या मनात बसलं. ती फळीवरून वाटी काढून पट्टी करायला बसली की मी मुद्दाम जाऊन हुंगायचे. लवंगाचाच वास यायचा. तरी संशय जाईना. वास काय, वरून दोन थेंब टाकले तरी येतो.

चार दिवस पट्टी नीट सुटली. पू कमी झाला. मी म्हटलं, सुईचा गुण. पाचव्या दिवशी हे असं झालं.

रिक्षा करून दवाखाना गाठला. सुनेनं खळीची वाटी पदराखाली धरून आणली होती. डॉक्टरनं ती तिरकी केली. तळाशी निळे कण.

"हे मी नाय टाकलं," सून म्हणाली.

"मग कोणी, मी?"

शब्द तोंडातून गेला आणि मला आठवलं. आदल्या संध्याकाळी फळीवर खळीची वाटी होती. आमच्याकडे सगळ्या वाट्या एकसारख्या. मला वाटलं माझीच, मूर्तींची. निळी दिसेना, म्हणजे मोरचूद घालायचा राहिला, सकाळपर्यंत आंबेल. हात आपोआप डब्याकडे गेला. रोज हुंगणारी मी, नेमकं तेव्हा हुंगलं नाही. आणि सकाळी वीज नव्हती, सुनेनं अंधाऱ्या स्वयंपाकघरात पट्टी केली.

"मीच टाकलं," मी डॉक्टरला सांगितलं.

सुनेनं टाच धुवायला पोरीला मांडीवर घेतलं.

डॉक्टरनं टाच कितीतरी वेळ धुतली. जळलेलं कातडं कापलं, नवीन औषध दिलं. घरचं काही लावायचं नाही म्हणाला, दोघींनाही. घरी आल्यावर त्याच बायांसमोर मी सुनेला सांगितलं, चूक माझी. ती म्हणाली, "आई, तुमची वाटी आता वेगळी ठेवा." मी माझ्या वाटीला सुतळी बांधली.

लवंगानं गुण येत होता की सुईनं, ते मला आजही सांगता येणार नाही. ताप पाच दिवसांनी उतरला.

नात जगली. टाचेवर डाग आहे, चालते नीट.