गॅरेजमागचा बोळ

सुमे, फोन जरा कानाशी धर नि आधी माझी बोलणी खा. लग्न झाल्यावर माहेर काय गावाबाहेर गेलं काय गं? इथे काय चाललंय बघ तरी येऊन.

आमचं जुनं गॅरेज पाडलं. ट्रॅक्टर मावेल अशी मोठी शेड होतेय, लोखंडी खांबांची. सकाळी मिस्त्रीने जमिनीवर चुन्याची रेघ मारली. ती गॅरेजमागचा बोळ ओलांडून थेट तुमच्या भिंतीला भिडली.

वाटण्या झाल्यापासून तुझे वडील आणि आमचे हे, तुझे काका, एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही जावा मात्र त्या बोळातून येत-जात राहिलो. तुझी आई आमटीची वाटी घेऊन यायची. म्हणायची, "अक्का, मीठ बघा. आमच्याकडे विचारलं तर नुसतं गुरगुरणं." जागा फितीने मोजतात गं, पण तिथून रोज कोण जातं-येतं ते फितीला कुठं कळतं?

यांना म्हटलं, "खांब जरा अलीकडे घ्या."

"मग ट्रॅक्टर काय तुझ्या पदरात ठेवू?"

खड्डे खणून झालेत. उद्या खांब उभे राहतील. तुझी आई पलीकडे उभी राहून बघत होती. बोळ बंद झाला की आमचं पुढचं फाटकच उरतं, नि तिथे हे खुर्ची टाकून बसतात. त्यांच्यासमोरून ती एकटी यायची नाही.

तू लवकर ये बाई. आईचा हात धर आणि फाटकातून सरळ आत ये. माहेरवाशिणीला अडवायची यांची छाती नाही.